चिठ्ठी निघेपर्यंत

दारातून आत आले की उजव्या हाताला देवघेवीचे टेबल लागते. एरवी त्यावर नोंदवही, शिक्का आणि शाईचे पॅड असते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी मात्र तिथे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो आणि शेजारी कागदाचे चतकोर तुकडे. आलेल्याने तुकड्यावर नाव लिहायचे, घडी घालायची आणि डब्यात टाकायची. मी नुसती बघायला गेले होते, म्हणून टेबलाला वळसा घालून आत निघाले, तर ग्रंथपालबाईंनी हाक मारली, "ताई, चिठ्ठी राहिली."

"मी कविता करत नाही हो. ऐकायला आलेय."

"मग तसंच लिहा. नाव, आणि खाली 'ऐकणार'. तुमची चिठ्ठी निघाली की आम्ही टाळ्या वाजवतो."

मला वाटले, माझा संकोच जावा म्हणून म्हणत असतील. पण खरोखरच तो तिथला नियम आहे. त्या संध्याकाळी डब्यात एकतीस चिठ्ठ्या पडल्या. निघाल्या त्यांतल्या अकरा ऐकणाऱ्यांच्या होत्या. प्रत्येक वेळी नाव पुकारले गेले, त्या माणसाने जागेवर उभे राहून नमस्कार केला आणि टाळ्या पडल्या, कविता वाचणाऱ्याला पडतात तेवढ्याच.

हे वाचनालय नवी मुंबईत, नेरुळमध्ये आहे. त्याचे नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. तिथे येणाऱ्या काहींच्या घरी, ते कविता करतात हे अजून ठाऊक नाही आणि इतक्यात कळू नये अशी त्यांची इच्छा आहे.

बंद दारांपलीकडे

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय कळवला, 'शेजार', आणि मी पहिल्यांदा आमच्या मजल्यावरची चार दारे आठवली. बावीस वर्षे मी सिडकोने बांधलेल्या या इमारतीत राहते. समोरच्या घरातल्या फोडणीचा वास मला ओळखता येतो. त्या घरातली माणसे गणपतीत आरतीला भेटतात, पाणी गेले की जिन्यात भेटतात. पण त्यांना रात्री झोप का लागत नाही, हे मला माहीत नाही आणि विचारण्याची रीतही नाही.

आमचे शहर आधी कागदावर जन्मले. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली. १९७० साली ते उभारायला सिडको स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावे प्रकल्पात आली. १९७३ साली खाडीवर पूल झाला, १९९२ साली मानखुर्दहून वाशीला लोकल आली. माणसे मग भराभर आली. साताऱ्या-जुन्नरचे माथाडी, कोकणातले कारकून, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे कामगार, केरळ-तमिळनाडूतली कुटुंबे. जो तो आपले गाव मागे ठेवून आला. घर मिळाले, सेक्टर मिळाला, पण पार मिळाला नाही. गावात माणूस संध्याकाळी पारावर बसतो, बोलतो, त्याच्या बोलण्याला कोणी तरी हुंकार देतो. आमच्याकडे बसायला बागा आहेत, पामबीच रस्त्याकडेला चालायला जागा आहे. हुंकार देणारे मात्र जमवावे लागतात.

ते जमवण्याचे काम इथे जुने आहे. वाशीच्या साहित्य मंदिरात कविसंमेलने रंगली आहेत, कोकण मराठी साहित्य परिषदेच्या इथल्या शाखेने कवींना व्यासपीठ दिले आहे. ऐरोलीला डॉ. आंबेडकरांच्या स्मारकात मोठे ग्रंथालय उभे राहिले, तिथे व्याख्यानांना सभागृह भरते. मला मात्र पाहायचे होते ते याहून लहान काही. पाहुणा नाही, दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, अशा ठिकाणी अनोळखी माणसे एकमेकांपुढे उभी राहून काय वाचतात, आणि समोरचे ते कसे घेतात.

'शांतता राखा'

वाचनालय म्हणजे एक मोठी खोली, एक लहान खोली आणि या दोहोंमध्ये कपाटांची भिंत. मोठ्या खोलीत वर्तमानपत्रांची उतरती टेबले आहेत. रविवारी ती भिंतीला सरकवतात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. मुलांच्या परीक्षेचे दिवस असले तर लहान खोलीतली अभ्यासिका बंद करत नाहीत. तिथली मुले कानात बोळे घालून बसतात. काही मुले बोळे काढून दाराशी येऊन उभी राहतात, तीही मी पाहिली. 'शांतता राखा' ही पाटी खुर्च्यांच्या बरोबर समोर आहे. ती कोणी उतरवत नाही. इथे येणारा माणूस आवाज खाली ठेवायच्या सवयीने येतो, फोन दाराशीच मुका करतो. हॉटेलातल्या किंवा बागेतल्या मैफलीत ही सवय आधी लावावी लागते, वाचनालयात ती भिंतींनाच असते. कवितेला वाचनालयाइतकी योग्य जागा नाही, असे मला त्या पाटीकडे बघत बसल्यावर वाटले.

अशा वाचनालयांचा संसार कसा चालतो, हे वाचकांनी एकदा जवळून बघावे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. २०१२ नंतर अनुदान वाढले ते थेट २०२२ साली, ६० टक्क्यांनी. मधल्या दहा वर्षांत पुस्तकांच्या किमती आणि विजेचे बिल थांबले नव्हते. त्या काळात ग्रंथपालांनी आणि शिपायांनी ज्या पगारात दारे उघडी ठेवली, त्याची आठवण आपण साहित्याच्या मोठ्या गप्पा मारताना ठेवत नाही. ठेवायला हवी. बाईंच्या हिशेबाच्या वहीत काव्यवाचनाला वेगळा रकाना नाही. चहा सभासद आळीपाळीने आणतात. माईक आणि स्पीकर एका सभासदाच्या भजनी मंडळाचे आहेत आणि सातच्या आत परत करायचे असतात.

वाचनालयाला खरा हात देते ती दिवाळी अंक योजना. एकदा ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक आळीपाळीने घरी न्यायचे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाबरोबर वाचन आहे. त्यातले पुष्कळसे वाचन वाचनालयांनी हातोहात फिरवले आहे. तुमच्या हातातला हा अंकही बहुधा तसाच, कोपरे दुमडलेला असेल.

कवितासंग्रहांचे कपाट खिडकीपाशी आहे. मी एक संग्रह उघडला आणि मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. पहिला शिक्का २००८ सालचा, दुसरा २०११. त्यानंतर कागद कोराच होता, तो थेट गेल्या वर्षापर्यंत. गेल्या वर्षापासून मात्र खाली सहा शिक्के, एकाला एक लागून. मी बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "आमचा दुसरा नियम आहे ना, त्याची करामत. आधी दुसऱ्याची, मग आपली."

ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पाच मिनिटांत दोन कविता वाचायच्या. पहिली या कपाटातल्या कुठल्याही कवीची, दुसरी स्वतःची. त्यामुळे आठवडाभर आधी माणसे कपाटापाशी घुटमळतात, पुस्तक घरी नेतात, आपल्या कवितेशेजारी कोणाची शोभेल याचा विचार करतात. कवी नुसते आपलेच वाचू लागला की त्याचा आवाज लवकर एकसुरी होतो. दुसऱ्याची कविता मोठ्याने वाचताना तो आधी वाचक होतो.

डबा कुठून आला

पहिले तीन-चार महिने डबा नव्हता, वही होती. येईल त्याने क्रमाने नाव लिहायचे. मग व्हायचे ते झाले. लवकर येऊन वरच्या ओळीत नाव लिहायचे, आपली कविता वाचायची, दोन कवी ऐकायचे आणि "जरा निघतो, पाहुणे यायचेत" म्हणत चप्पल शोधायची. शेवटच्या कवीपुढे चार खुर्च्या उरायच्या. त्यांतली एक ग्रंथपालबाईंची, एक शिपायाची.

कविसंमेलनांना गेलेल्या कोणालाही हे चित्र नवे नाही. आपल्याकडे कवी भरपूर आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर वाचायला मिळावे म्हणून राज्यभरातून कविता येतात, निवड करणारे त्यात बुडून जातात. याची थट्टा करायची आपल्याला सवय आहे. मला त्या थट्टेचा आता राग येतो. घरची, कामाची ओझी वाहून माणूस रात्री चार ओळी लिहितो, त्यात वाईट काय आहे? कमी आहेत ते ऐकणारे, आणि ऐकणारे कसे वाढतील याचा विचार फार थोड्यांनी केला.

ज्यांनी केला, त्यांची नावे मराठीने जपली आहेत. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ झाले, ते रविवारी चहाला जमणाऱ्या मित्रमैत्रिणींचे. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आणि मंडळी आधी एकमेकांना कविता ऐकवत, मग लोकांना. काव्यगायन त्यांनी घरोघर नेले. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी गावोगाव फिरून काव्यवाचन केले, तिकीट काढून माणसे कवितेला आली. नारायण सुर्व्यांची कविता गिरणगावात पुस्तकाच्या आधी कानाने पोचली. वामनदादा कर्डकांची गाणी तर वस्तीवस्तीत तोंडपाठ झाली, छापील पान न बघता.

दूरच्या शिकागो शहरात मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगाराने १९८६ साली कवितेची चुरस सुरू केली. श्रोत्यांतूनच परीक्षक निवडायचे आणि प्रत्येक कवितेला गुण द्यायचे. त्या चुरशीने कविता पुन्हा सामान्य माणसांच्या बैठकीत आली आणि जगभर पसरली. मुंबईच्या कॅफेंतल्या ओपन माईकवर तिची छाया आहे. नेरुळच्या या वाचनालयातही कॉलेजच्या मुलांनी गुणांची कल्पना मांडली होती. बाईंनी ऐकून घेतली आणि पुढच्या महिन्यात हा डबा आणून ठेवला. आपली चिठ्ठी कधी निघेल हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळे बसतात. बसायचेच आहे तर ऐकतात. तीन-चार महिन्यांत काहींना त्याची गोडी लागली आणि ते 'ऐकणार' लिहून चिठ्ठी टाकू लागले. तो शब्द बाईंचा नाही, असाच एका आजोबांनी पहिल्यांदा लिहिला.

पाच मिनिटे

पहिली चिठ्ठी बी.एस्सी.च्या मुलाची निघाली. त्याने फोनवरून वाचायला घेतले, तिसऱ्या ओळीला पडदा काळा झाला, अंगठा लावला तर वरून कोणाचा तरी निरोप उतरला. मुलगा थांबला, हसला, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. त्याच्यानंतर आलेल्या काकांकडे शंभर पानी वही होती. पान उलटायला त्यांना बोटाला थुंकी लावावी लागे आणि तेवढ्या क्षणात ओळ खोलीत उभी राहत असे. मी पुढच्या सगळ्यांचे हात बघत राहिले. वहीतून वाचणारे हळू वाचतात. त्यांना पानाचा शेवट दिसतो, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा ते कळते. वाचनालयाने फोनला बंदी केलेली नाही, पण डब्याशेजारी कोरे कागद आणि पेन ठेवले आहे. काही जण आयत्या वेळी उतरवून घेतात.

वहीवाले काका माथाडी होते, तीसेक वर्षे बाजार समितीत. जावळी तालुक्यातून आले तेव्हा भाजीबाजार भायखळ्याला होता; १९९६ साली तो वाशीला आला आणि त्यांची टोळीही. माथाडी कायदा १९६९ सालचा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. काकांची कविता या कशावरच नव्हती. ती होती पाठीच्या एका जागेवर, जिथे गोण बसायची. त्या जागेला आता नातू बसतो आणि ती जागा दुखत नाही, एवढीच गोष्ट. यमक दोनदा चुकले. खोलीत कोणी हलले नाही. वाचून झाल्यावर ते माईकपासून लगेच दूर झाले नाहीत, वही मिटून दोन्ही हातांत धरून उभे राहिले. टाळ्या ओसरल्यावर म्हणाले, "बास," आणि जाऊन बसले.

सातव्या चिठ्ठीला करावे गावातली मुलगी उठली. गाव आमच्या इमारतीपासून पायी वीस मिनिटांवर आहे. तिने कपाटातून बहिणाबाईंचे पुस्तक घेतले होते आणि एक कविता वाचून झाल्यावर ती म्हणाली, "यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी ऐकून उतरवून घेतलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं." बरोबर आहे. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक आले १९५२ साली. सोपानदेवांनी आईचे शब्द जपले नसते, तर जळगावच्या शेतातच ते विरले असते.

मग तिने स्वतःची कविता वाचली, आगरीत. आजी धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि तिच्या गाण्याच्या बोटाला धरून एकेक विधी पुढे सरकतो. आता हळदीला मोठे स्पीकर लागतात. आजीला बोलावतात, पण मानासाठी, गायला नाही. मुलीने दोन वर्षे आजीचे धवले उतरवून घेतले. आजी झोपाळ्यावर बसून सांगायची आणि मधेच विसरली की चिडायची. कवितेत त्या चिडण्याचे वर्णन होते, आणि बांधातल्या उघाडीचे. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप. भरतीला खारे पाणी तिला आत ढकलू शकत नाही, ओहोटीला शेतातले पाणी तीच बाहेर सोडते. आजोबा उघाडी राखायचे. शेत गेले, बांध गेला, उघाडीची जागा पामबीचच्या पलीकडे कुठे तरी होती असे आजी बोटाने दाखवते. सिडकोसाठी गेलेल्या जमिनींच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. मुलीने यातले फक्त एक नाव घेतले, जासई, आणि पुढे गेली.

खोलीतल्या निम्म्या माणसांना आगरीतले सगळे शब्द कळले नसावेत. मलाही कळले नाहीत. ज्या जमिनीवर मी बावीस वर्षे राहते, त्या जमिनीची बोली मला अडखळत समजते, हे त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा टोचले. वाचून झाल्यावर एका मावशींनी उघाडीचा अर्थ विचारला. मुलीने दोन तळहात दाराच्या फळ्यांसारखे मिटून-उघडून दाखवले. मावशींनीही तसेच करून पाहिले.

कौतुकाच्या पलीकडे

त्या संध्याकाळच्या सगळ्याच कविता चांगल्या नव्हत्या. आईवरच्या तीन होत्या आणि तिन्ही आयांचे हात खरबरीत होते. पावसावरच्या दोन होत्या. सुरेश भटांच्या गझलेचा नाद कानात ठेवून लिहिलेली एक होती, तिच्यात नाद भटांचा होता आणि बाकी काही नव्हते. प्रत्येकाला टाळ्या पडल्या. मला हे थोडे खटकते. पहिल्यांदा उभे राहिलेल्याला टाळ्या हव्यातच. पण आठव्यांदा वाचणाऱ्याला कोणी तरी विचारले पाहिजे की बाबा, हा शब्द तुझाच आहे का. चहाच्या वेळी मी हे बाईंना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "चहाला विचारतात की. तिकडे बघा." कपाटापाशी माथाडी काका आणि बी.एस्सी.चा मुलगा उभे होते. मुलगा काकांना चुकलेले यमक दाखवत होता. काका मान हलवत ऐकत होते आणि मग त्यांनी मुलाला त्याच्या कवितेतला एक शब्द विचारला, तर मुलाला त्याचा अर्थ सांगता येईना. त्याने पेन मागितले.

सात वाजायला आले तेव्हा डब्यात दोन चिठ्ठ्या शिल्लक होत्या. भजनी मंडळाचा माईक द्यायचा होता. उरलेल्या चिठ्ठ्या बाई न उघडता रबर लावून टेबलाच्या खणात ठेवतात. पुढच्या महिन्यात त्या आधी काढायच्या. कोणाच्या आहेत ते तेव्हाच कळते. म्हणजे तेवढ्या दोघांना पुन्हा यावेच लागते.

दुसरा मजला

घरी परतताना माझ्या पुढे एक गृहस्थ चालत होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत वही. आमच्याच फाटकातून आत शिरले तेव्हा ओळखले. आमच्या खालच्या मजल्यावरचे. दोन तास ते माझ्या मागच्या रांगेत होते आणि मी वळून बघितले नव्हते. त्यांनी मला दारात बघितले होते, पण हाक मारायचे धाडस झाले नाही, म्हणाले.

"तुमची चिठ्ठी?"

"खणात गेली वाटतं. नाव काही पुकारलं नाही."

जिना चढताना त्यांना दम लागतो. दुसऱ्या मजल्याच्या चौकात आम्ही थांबलो. मला म्हणावेसे वाटले, आणि म्हटलेही, की इथेच वाचा. त्यांनी दाराकडे पाहिले, मग पिशवीतून वही काढली, आणि कपाटातून आणलेला एक संग्रहही. "नियमाप्रमाणे आधी यांची," असे म्हणून त्यांनी पुस्तक दिव्याखाली धरले. दुसऱ्याची कविता संपून त्यांची सुरू झाली तेव्हा समोरच्या घराची कडी निघाली. त्या घरातल्या वहिनी पिठाच्या हातांनी दारात आल्या, काय चालले आहे ते पाहिले, आणि आत जाऊन गॅस बारीक करून परत आल्या.